शेवटच्या आकड्याचा राखणदार

मी बँकेत लागलो तेव्हा लेजरं हाताने लिहीत असू. बॅलन्सिंगला अठरा पैशांचा फरक आला, तरी तो सापडेपर्यंत घरी जायचं नाव नाही. फरकाला नऊने भाग गेला, की कुठेतरी दोन आकड्यांची अदलाबदल झाली असणार, एवढी आमची विद्या. पुढे कॉम्प्युटर आला. वाटलं, सुटलो! पण एकदा एकाच खात्याचं व्याज दोन यंत्रांवर काढलं आणि एका पैशाचा फरक पडला. दोन्ही यंत्रं ठणठणीत. मग चुकलं कोण?

याच प्रश्नाला आयुष्य वाहिलेल्या माणसाची गाठ मला निवृत्तीनंतर पुस्तकांत पडली. जेम्स विल्किन्सन. जन्म १९१९, इंग्लंडमधल्या केंट परगण्यात, स्ट्रूड गावी. घरचा दुधाचा धंदा. पोरगा सोळाव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात पोचला. महायुद्धात तोफगोळ्यांची गणितं केली. युद्ध संपल्यावर शुद्ध गणिताकडे परतायचा बेत होता. पण १९४६ मध्ये टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत ॲलन ट्यूरिंग भेटले, आणि बेत कायमचा राहिला.

त्या काळी जाणत्यांना एक धास्ती होती. यंत्र ठरावीक आकडेच धरू शकतं. एकतृतीयांश लिहायचा तर तीनची रांग कुठेतरी तोडावीच लागते. अशी काटछाट हजारो वेळा झाली, तर अखेरीस उरणार काय? हॉटेलिंग या संख्याशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये हिशेब मांडला होता, की समीकरणं सोडवताना चूक प्रत्येक पायरीला चौपट होऊ शकते. तसं असेल तर कॉम्प्युटर बांधणंच व्यर्थ!

प्रयोगशाळेत अठरा समीकरणांचा एक संच आला. फॉक्स, गुडविन, ट्यूरिंग आणि विल्किन्सन हातयंत्रं घेऊन बसले. ट्यूरिंगना यशाची आशा नव्हती. उत्तरं आल्यावर ती मूळ समीकरणांत घालून पाहिली, तर ताळा चकित करण्याइतका जुळला.

भीती खोटी ठरली, पण का? ट्यूरिंग लॅबोरेटरी सोडून गेले. विल्किन्सन आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या आराखड्यावरून छोटं यंत्र उभं केलं, पायलट एस. १० मे १९५० रोजी त्यावर पहिला प्रोग्रॅम चालला. मग विल्किन्सन यांनी प्रश्नच उलटा केला. उत्तर किती चुकलं, हे विचारायचं नाही. हे उत्तर कोणत्या प्रश्नाचं अचूक उत्तर आहे, ते शोधायचं. तो प्रश्न मूळ प्रश्नाच्या अगदी शेजारचा निघाला, तर रीत निर्दोष.

आणि तरीही उत्तर भलतंच आलं तर? त्याचाही मासला त्यांनी दिला. एक ते वीस ही ज्याची उत्तरं, असं एक समीकरण घ्या. त्यातला उणे २१० हा एकच आकडा सुमारे चौऱ्याऐंशी लक्षांशाने हलवा. वीसपैकी दहा उत्तरं वास्तव संख्यांच्या जगातूनच निघून जातात! इथे दोष यंत्राचा नाही, रीतीचाही नाही, प्रश्नच नाजूक.

१९७० मध्ये त्यांना ट्यूरिंग पुरस्कार मिळाला, जुन्या सहकाऱ्याच्या नावाचा. १९७१ मध्ये राइन्श यांच्याबरोबर त्यांनी प्रोग्रॅमांचा ग्रंथ काढला. अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेत त्यांवरून 'आइसपॅक' हा संच घडला आणि निरनिराळ्या यंत्रांवर पारखला गेला. ते गरजेचंच होतं. प्रत्येक कंपनीचं यंत्र काटछाट आपल्या मर्जीने करी. सर्वांसाठी एक नियम १९८५ मध्ये आला. पुढच्याच वर्षी, ५ ऑक्टोबरला विल्किन्सन गेले.

नियम असूनही आज दोन प्रोसेसरांवर एकाच प्रोग्रॅमचे शेवटचे आकडे वेगळे येऊ शकतात. एक जण गुणाकार-बेरीज मिळून एकदाच छाटतो, दुसरा दोनदा. बेरजेचा क्रम बदलला तरी शेपूट बदलतं. अशा वेळी यंत्राला शिव्या देण्याआधी यंत्र, रीत आणि प्रश्न, तिघांचीही जबानी घ्यावी, हे विल्किन्सन यांनी शिकवलं.

आमच्या त्या पैशाचंही तेच होतं. एक यंत्र व्याज रोज पूर्ण पैशात आणी, दुसरं शेवटी एकदाच. खोटं कोणीच नव्हतं. उगाच आम्ही त्या रात्री कॅशियरकडे संशयाने पाहत बसलो, ही बोचणी मात्र अजून आहे.