चौथ्या प्रतीचा प्रबंध

स्वीडन देशातील उप्साला हे नगर तेथील प्राचीन विद्यापीठामुळे प्रसिद्ध आहे. या विद्यापीठाच्या जमिनींची देखरेख करणाऱ्या एका भूमापकाच्या घरी १९ फेब्रुवारी १८५९ रोजी स्वांते अऱ्हेनियस याचा जन्म झाला. वडील हिशेबाच्या वह्या घेऊन बसले की हा चिमुरडा त्यांच्याशेजारी बसून आकड्यांच्या बेरजा न्याहाळीत असे. तिसऱ्या वर्षीच तो आपला आपण वाचावयास शिकला. आठव्या वर्षी त्यास शाळेत घातले, ते एकदम पाचव्या इयत्तेत! १८७६ मध्ये शालेय शिक्षण संपवून तो उप्साला विद्यापीठात दाखल झाला.

तेथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक क्लेव्ह हे मोठे नामांकित गृहस्थ होते. १८७९ मध्ये त्यांनी दोन नवी मूलद्रव्ये शोधून काढली होती. परंतु नवे पदार्थ तयार करणे, त्यांचे वजनमाप करणे यांतच त्यांस गोडी होती. केवळ तर्काने उभारलेल्या उपपत्तींवर त्यांचा विश्वास नसे. स्वांतेचे मन मात्र नेमके तेथेच धावत होते. अखेर १८८१ मध्ये तो राजधानी स्टॉकहोम येथे गेला आणि एडलुंड या पदार्थवैज्ञानिकांच्या हाताखाली काम करू लागला.

त्याने जे कोडे हाती घेतले ते दिसावयास अगदी साधे होते. कोरड्या मिठातून विजेचा प्रवाह वाहत नाही. शुद्ध पाण्यातूनही तो जवळजवळ वाहत नाही. मग मीठ पाण्यात विरघळविताच त्या पाण्यातून वीज कशी वाहते? विजेच्या प्रवाहानेच मिठाचे विघटन होते, अशी त्या काळी बहुतेकांची समजूत होती. १८८२-८३ च्या हिवाळ्यात स्वांतेने नाना पदार्थांचे विद्राव तयार केले, त्यांत पाणी घालीत ते अधिकाधिक विरळ केले आणि दर वेळी त्यांची वाहकता मोजली. विद्राव जसजसा विरळ होई, तसतसा त्यातील पदार्थाचा अधिकाधिक अंश वीज वाहून नेण्याच्या कामी येतो, असे त्यास आढळले. याचे कारण काय, या विचाराने त्यास ग्रासून टाकले. १७ मे १८८३ च्या रात्री त्यास झोप आली नाही. त्या एका रात्रीत सारी उपपत्ती आपल्या मनात जुळून आली, असे तो पुढे सांगत असे.

सुमारे दीडशे पानांचा हा प्रबंध त्याने फ्रेंच भाषेत लिहिला आणि डॉक्टरच्या पदवीसाठी १८८४ मध्ये उप्सालाच्या परीक्षकांपुढे ठेवला. विरघळलेल्या पदार्थाचे काही रेणू क्रियाशील व काही निष्क्रिय असतात, आणि जे वीज वाहून नेतात तेच रासायनिक क्रियाही घडवितात, असे त्याचे प्रतिपादन होते. परीक्षकांस ते रुचले नाही. त्यांनी प्रबंधास चौथी प्रत दिली. स्वांतेने भर सभेत आपल्या मतांचे समर्थन चांगले केले, म्हणून त्यास एक पायरी वरची प्रत मिळाली, इतकेच. पदवी हाती आली खरी. पण अशा प्रतीच्या जोरावर विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळण्याची आशा उरली नाही.

स्वांते स्वस्थ बसला नाही. त्याने प्रबंधाच्या प्रती परदेशांतील थोर शास्त्रज्ञांस धाडल्या. त्यांतील एक प्रत रिगा येथील तरुण प्राध्यापक ओस्टवाल्ड यांस मिळाली. त्याच दिवशी त्यांचा दात दुखत होता आणि त्यांच्या घरी कन्यारत्नही जन्मास आले होते, अशी गमतीची हकीकत ते स्वतः सांगत. या तिहींत प्रबंधानेच त्यांस अधिक जागविले! त्याच उन्हाळ्यात समुद्र ओलांडून ते उप्सालास आले आणि त्यांनी स्वांतेस आपल्या विद्यापीठात जागा देऊ केली. परक्या देशाचा प्राध्यापक ज्याच्यासाठी एवढ्या लांब येतो, त्यास नाकारणे उप्सालालाही जड गेले. तेथे त्यास अध्यापकपद मिळाले. वडील अत्यवस्थ असल्यामुळे त्याने रिगास जाणे लांबणीवर टाकले. पुढच्याच वर्षी ते वारले.

१८८६ पासून अऱ्हेनियस यांनी युरोपातील प्रयोगशाळांतून प्रवास केला. ॲम्स्टरडॅम येथील व्हान्ट हॉफ यांच्या कार्यातून त्यांस मोठाच पुरावा सापडला. पाण्यात साखर विरघळविली की ते शून्य अंशाखाली गोठते; परंतु तितक्याच रेणूंचे मीठ घातले तर हा परिणाम जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे मिठाच्या एकाचे दोन कण होत असले पाहिजेत! १८८७ मध्ये अऱ्हेनियस यांनी स्पष्ट मांडले, की पाण्यात पडताच, प्रवाह सोडण्यापूर्वीच, मिठाचे विद्युत्‌भारित कण सुटे होतात. या कणांस आयन म्हणतात.

यावर पुष्कळ रसायनज्ञ हसले. सोडियम हा धातू पाण्यास स्पर्श होताच भडकतो आणि क्लोरीन हा विषारी वायू आहे. मग मिठाच्या पाण्यात ते सुटे राहतील कसे, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न गैर नव्हता. परंतु विद्युत्‌भार असलेला अणू आणि नसलेला अणू यांचे गुणधर्म अगदी भिन्न असतात, हे त्याचे उत्तर होते. ते गळी उतरावयास कित्येक वर्षे लागली. अऱ्हेनियस यांचे सारेच म्हणणे टिकले असे नाही. मिठासारखे पदार्थ पाण्यात थोडेथोडके नव्हे, तर पूर्णपणे आयनरूप होतात, असे पुढे दिसून आले.

१९०३ मध्ये याच कार्यासाठी त्यांस रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले स्वीडिश गृहस्थ होत. पारितोषिकाच्या समितीत प्राध्यापक क्लेव्ह होते!

त्यांची जिज्ञासा रसायनशाळेत मावणारी नव्हती. हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास पृथ्वी किती तापेल, याचे गणित त्यांनी जवळजवळ वर्षभर हाताने आकडेमोड करून सोडविले आणि १८९६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांचे उत्तर ५ ते ६ अंश सेल्सिअस होते. आजचा अंदाज सुमारे ३ अंशांचा आहे. १९०५ पासून स्टॉकहोम येथील नोबेल संस्थेच्या भौतिकी रसायन विभागाचे ते संचालक होते. २ ऑक्टोबर १९२७ रोजी त्यांचे निधन झाले आणि उप्साला येथे त्यांचे दफन करण्यात आले.