नागपूरहून सुटलेल्या रेल्वेत एक पुस्तक हातात पडलं आणि मराठी चर्चमध्ये टाळ वाजायला लागले

कुठल्याही मराठी प्रोटेस्टंट चर्चमध्ये रविवारी सकाळी जाऊन मागच्या बाकावर बसा. पेटी सुरू होते, तबल्यावर थाप पडते, आणि जे गाणं कानावर येतं त्याची चाल थेट भजनाची असते. नवखा माणूस बुचकळ्यात पडतो. आपण चर्चमध्ये आहोत की विठ्ठलाच्या देवळात?

हातातलं पुस्तक असतं 'उपासना संगीत'. त्यातल्या शेकडो गीतांखाली एकच नाव सापडतं. ना. वा. टिळक.

होय, तेच टिळक. शाळेत 'केवढे हे क्रौर्य' आणि 'वनवासी फूल' वाचलेलं असतं, ते फुलामुलांचे कवी. लोकमान्यांशी त्यांची बऱ्याचदा गल्लत होते, पण हे टिळक वेगळे.

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घर चित्पावन ब्राह्मणांचं. आई जानकीबाईंना कवितेची गोडी होती, ती मुलात उतरली. आई लवकर गेली, वडिलांशी पटेना, मुलगा घराबाहेर पडला. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. लग्न झालं गोखल्यांच्या मनकर्णिकेशी. याच पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई. नवरा एका गावी टिकेल तर शपथ. आज इथे शिक्षक, उद्या तिथे कीर्तनकार.

या भटकंतीत ते नागपूरला आले. इथले धनिक आप्पासाहेब बुटी यांना संस्कृत ग्रंथांच्या कामासाठी विद्वान हवा होता. (शिर्डीतल्या बुटी वाड्यामुळे हे घराणं आजही लोकांना माहीत आहे.) त्या दिवसांत टिळकांनी 'ऋषी' नावाचं मासिकही चालवलं, विषय हिंदू धर्म. म्हणजे ख्रिस्ती होण्याच्या काही वर्षं आधी हा माणूस नागपुरात बसून वेदशास्त्रांवर लिहीत होता.

मग नोकरीसाठी राजनांदगावला जायचं ठरलं. साल १८९३ च्या आसपासचं. रेल्वेच्या डब्यात एक मिशनरी भेटला. गप्पा संस्कृत काव्यावर रंगल्या. उतरताना त्याने बायबलचा नवा करार हातात ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही करून टाकलं. टिळकांना ते पटलं नाही, पण पुस्तक वाचायचं कबूल केलं होतं म्हणून वाचलं. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. घरावर वीज कोसळली. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या. नवरा जिवंत, पण त्याच्या घरी जायचं नाही, अशी काही वर्षं गेली. नंतर त्या अहमदनगरला (आजचं अहिल्यानगर) त्यांच्याकडे आल्या आणि १९०० साली स्वतः विचार करून ख्रिस्ती झाल्या. ती हकीकत त्यांच्याच शब्दांत वाचावी, आम्ही इथे सांगून तिची चव घालवत नाही.

आता येऊ गाण्याकडे.

मिशनऱ्यांनी येताना आपली गीतं आणली होती. शब्दांचं मराठी भाषांतर केलं, चाली मात्र इंग्लंड-अमेरिकेच्याच ठेवल्या. इंग्रजी गाणं चालतं शब्दातल्या आघातावर, मराठी पद्य चालतं ऱ्हस्व-दीर्घावर. त्यामुळे सूर लांबवायची जागा आली की तिथे नेमकं ऱ्हस्व अक्षर उभं. गाताना दयेची दाया होते. त्यात पाश्चात्त्य गायकवृंद चार आवाजांत गातो, प्रत्येकाची ओळ वेगळी. आपल्या कानाला सवय एकाच चालीची, एकाने सांगायची आणि सगळ्यांनी उचलून धरायची. खेड्यातल्या ज्या बाईला वाचताही येत नाही, तिने तो सूर धरायचा कसा? ओठ हलायचे, गळा मोकळा होत नसे.

तुकोबांचे अभंग मनात मुरलेल्या टिळकांना हे सहन होणं शक्यच नव्हतं. तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते सांगत. त्यांनी ख्रिस्तावर अभंग रचले, त्याला गुरुमाउली केलं. ध्रुपद असं, की एकदा ऐकलं की पाठ. देशी वाद्यांच्या साथीने ख्रिस्ती कीर्तनं रंगवली. ते पहिलेच होते असं मात्र नाही. अहमदनगरच्याच कृष्णराव सांगळे यांनी ही वाट आधी तुडवली होती. टिळकांनी तिचा हमरस्ता केला.

सगळ्यांना हे रुचणं कठीण होतं. ज्यांनी धर्म बदलण्यासाठी घरदार सोडलं, त्यांना टाळांचा आवाज मागे टाकलेल्या देवळाची आठवण करून देणार. आम्हाला वाटतं, त्यांची अडचणही खरी होती. गंमत पेटीची. ती मुळात युरोपातलं वाद्य, आणि आज तिच्याशिवाय आपलं भजन उभं राहत नाही.

१९०४ मध्ये टिळक रीतसर पाळक झाले. १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचं संपादन केलं. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरवलं, घरात बालकवींना मुलासारखं सांभाळलं. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. ते फार चाललं नाही, कारण वेळच उरला नव्हता.

९ मे १९१९ रोजी मुंबईत ते वारले. ख्रिस्ती पाळकाचं दफन व्हायचं, यांचं दहन झालं आणि अस्थी अहमदनगरला नेल्या. 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं होतं. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी.

आणि नागपूर? २९ नोव्हेंबर १९७० रोजी उत्तर भारतातले सहा चर्चसंघ एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झालं, ते याच शहरात. ज्या शहरातून निघालेल्या गाडीत टिळकांच्या हाती ते पुस्तक पडलं होतं.