डॉ. शंकर आबाजी भिसे : पेटंट आपलं, पैसा दुसऱ्याचा

पेटंट हा शब्द आपण सेमिनारमध्ये ऐकतो आणि व्हायवा झाला की विसरतो. पण एका मराठी माणसाने अख्खं आयुष्य या शब्दापायी घालवलं.

शंकर आबाजी भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. चौदाव्या वर्षी त्यांनी घरातच कोल गॅस तयार करायचं उपकरण जुळवलं. (होस्टेलवर कुणी असं केलं तर रेक्टरसर काय करतील ते सांगायला नको!) पुढे इंग्लंडमधल्या एका मासिकाने माल आपोआप मोजून देणाऱ्या यंत्राची स्पर्धा ठेवली. ती त्यांनी मुंबईत बसून जिंकली. दिनशा वाच्छांनी दादाभाई नौरोजींना पत्र दिलं आणि भिसे लंडनला पोचले.

तिथे त्यांनी 'भिसोटाईप' हे छपाईचे खिळे ओतायचं यंत्र बनवलं. त्यांचा दावा होता मिनिटाला १२०० खिळ्यांचा. यंत्र चांगलं, पेटंटही हातात, पण फॅक्टरी उभी करायला भांडवल हवं ना! दादाभाईंनी जमेल तेवढं दिलं. हाइंडमन या इंग्रज पुढाऱ्याने पैसे उभे करायचं मनावर घेतलं, पण ते जमलं नाही. १९०८ च्या अखेरीस भिसे हात हलवत मुंबईला परतले. मग गोखल्यांच्या ओळखीने सर रतन टाटा (जमशेटजींचे धाकटे चिरंजीव) पाठीशी उभे राहिले आणि भिसे पुन्हा लंडनला गेले. पण पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि तीही मदत आटली. यात भिशांचं काय चुकलं, मला तरी दिसत नाही.

शेवटी ते अमेरिकेला गेले. तिथे नाव झालं ते एका औषधाने. साधं आयोडीन पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून टिंक्चर अल्कोहोलमध्ये करतात आणि ते जखमेवर चरचरतं. भिशांनी पाण्यात मिसळणारं, पोटात घेता येईल असं आयोडीन तयार केलं. त्याचं नाव 'अॅटोमिडीन'. न्यूयॉर्कच्या शेफलिन या जुन्या औषध कंपनीने ते बनवून विकायला घेतलं. म्हणजे शोध एकाचा, कारखाना दुसऱ्याचा. यंत्राच्या वेळी जमलं नाही ते इथे जमलं. अर्थात तेव्हा अमेरिकेत औषध बाजारात आणण्याआधी ते सुरक्षित असल्याचं दाखवावं लागत नव्हतं, तो कायदा १९३८ चा. त्यामुळे त्या काळच्या औषधांच्या जाहिराती वाचताना थोडं मीठ लावूनच वाचाव्यात.

आता तर औषधाच्याही आधी, ते शरीरात जिथे काम करतं त्या एन्झाइमवरच पेटंटची मारामारी असते. सांधेदुखी, सूज यामागच्या कॉक्स-२ एन्झाइमला नेमकं अडवायच्या पद्धतीचं पेटंट अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठाला २००० मध्ये मिळालं. त्यांनी सेलेब्रेक्सवाल्या कंपनीकडे रॉयल्टी मागितली. पण हे काम करणारं एकही रसायन पेटंटमध्ये दिलेलं नव्हतं. २००४ मध्ये अपिलातही विद्यापीठ हरलं. भिशांचं उलटं होतं. त्यांच्याकडे वस्तू तयार असायची, घेणारा नसायचा.

१९३० मध्ये त्यांची आणि एडिसनची भेट झाली. 'भारतीय एडिसन' ही पदवी लोकांनी त्यांना दिलेलीच होती. फरक एवढाच, की एडिसनच्या मागे त्याच्या स्वतःच्या कंपन्या होत्या. ७ एप्रिल १९३५ रोजी भिसे न्यूयॉर्कमध्ये वारले.