ऋतूंचा चित्रकार : टर्नर

वसंतापासून शिशिरापर्यंत सहा ऋतूंची वाटणी भारतीय मनाने फार पूर्वीच करून ठेवली आहे. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'ने ती काव्यात आणली, राजस्थानी आणि पहाडी चित्रकारांनी ती बारामासाच्या चित्रमालिकांत रंगविली. इंग्लंडमध्ये ऋतू चारच मानतात. परंतु समुद्राने वेढलेल्या त्या भूमीवर सकाळचे धुके, दुपारची सर आणि सायंकाळचे पिवळे ऊन एकाच दिवसात भेटून जाते. अशी क्षणोक्षणी पालटणारी हवा टिपण्यासाठी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील चित्रकार जलरंगांकडे वळले आणि निसर्गचित्रणाची एक संपन्न परंपरा उभी राहिली. जोसेफ मॅलर्ड विल्यम टर्नर हा त्या परंपरेचा मुकुटमणी. जगाला तो तैलरंगातील वादळांसाठी आणि जहाजांसाठी अधिक ठाऊक असला, तरी बालपणापासून अखेरच्या वर्षांपर्यंत त्याची सोबत केली ती पाणी, कागद आणि रंगाच्या वड्या यांनीच.

टर्नरचा जन्म १७७५ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागातील मेडन लेन या अरुंद गल्लीत झाला. वडील न्हावी होते. केशरचनेचा आणि केसांचे टोप बनविण्याचा त्यांचा व्यवसाय होता. मुलाने काढलेली चित्रे ते दुकानात टांगीत आणि काही शिलिंगांना गिऱ्हाइकांना विकीत. मुलाच्या गुणांवर त्यांचा विश्वास होता; परंतु घरात सुख नव्हते. धाकटी बहीण बालपणीच वारली. आईच्या मनाचा तोल हळूहळू ढळत गेला. १८०० साली तिला बेथलेम येथील मनोरुग्णालयात ठेवावे लागले, आणि १८०४ मध्ये घरी न परतताच तिचा मृत्यू झाला. या दुःखाविषयी टर्नर आयुष्यभर मूक राहिला. त्याचा तुसडेपणा, पैशाच्या बाबतीतला चिकटपणा आणि आपले खासगी जीवन लपविण्याची सवय यांची मुळे कदाचित या घरातच असावीत.

१७८९ च्या डिसेंबरात, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्याला रॉयल अकादमीच्या कलाशाळेत प्रवेश मिळाला. पुढच्याच वर्षी अकादमीच्या प्रदर्शनात त्याचे पहिले चित्र लागले. ते जलरंगातील होते. या सुमारास डॉ. टॉमस मन्रो या रसिक वैद्याच्या घरी संध्याकाळी काही तरुण चित्रकार जमत. डॉक्टरांच्या संग्रहातील चित्रांच्या नकला करायच्या, त्याबद्दल दोन-तीन शिलिंग आणि रात्रीचे जेवण मिळायचे, असा तो व्यवहार होता. तेथे टर्नरचा जोडीदार होता त्याच्याच वयाचा टॉमस गर्टिन. गर्टिनने रेषा काढाव्यात आणि टर्नरने त्यांवर रंगांचे पातळ हात द्यावेत, अशी कामाची विभागणी असे. नकला करता करता दोघेही जलरंगाची भाषा शिकले. गर्टिन १८०२ मध्ये अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेला. त्याच वर्षी टर्नर अकादमीचा पूर्ण सभासद झाला.

जलरंगाची प्रतिष्ठा तेव्हा दुय्यम होती. मोठे चित्र म्हणजे तैलचित्र, हा समज पक्का होता. जलरंग स्थळांची नोंद करण्यासाठी किंवा खोदचित्रांचे नमुने तयार करण्यासाठी वापरावेत, अशी रीत होती. परंतु या माध्यमाचा स्वभावच वेगळा आहे. तैलरंगात उजेड रंगवावा लागतो. जलरंगात तो कागदाच्या पांढरेपणात आधीच असतो आणि पातळ रंगातून झिरपून बाहेर येतो. चित्रकाराने तो उजेड कोठे राखायचा, एवढे ओळखायचे असते. ओल्या कागदावर रंग पसरतो, तसेच धुके दरीत पसरते. चूक झाली तर ती झाकायला जाड थर मिळत नाही. म्हणूनच पाऊस, दव, धुके आणि बर्फ या पाण्याच्याच रूपांना पाण्याइतके जवळचे माध्यम दुसरे नाही, हे टर्नरने ओळखले.

त्याचे आयुष्यही ऋतूंच्या चक्राला बांधलेले होते. उन्हाळा आला की तो प्रवासाला निघे. लहानशी पडशी, छत्री आणि खिशात रेखाटनवह्या, एवढाच सरंजाम. तो मैलोगणती पायी चाले आणि पेन्सिलीने भराभर नोंदी करी. थंडी पडू लागली की लंडनला परतून त्या नोंदींवरून महिनोन् महिने चित्रे रंगवी. उन्हाळ्यात पाहिलेले ऊन हिवाळ्यात, आठवणीतून कागदावर उतरे.

१८१६ साली मात्र उन्हाळाच आला नाही. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता. त्यातून उसळलेल्या द्रव्यांचा पडदा वातावरणाच्या वरच्या थरात पसरला. सूर्याची उष्णता अडली आणि युरोपात पिके बुडाली. कारण कोणालाच ठाऊक नव्हते; पाऊस मात्र थांबत नव्हता. त्याच वर्षी टर्नरने यॉर्कशायर आणि लगतच्या परगण्यांच्या एका बृहत् इतिहासग्रंथासाठी १२० चित्रांचे ३,००० गिनींचे काम स्वीकारले होते. काम सोडणे शक्य नव्हते. घोड्यावर बसून तो उत्तरेच्या माळरानांवर फिरला. एके ठिकाणी घोडा आणि स्वार दोघेही दलदलीत रुतले आणि अकरा मैलांच्या वाटेला नऊ तास लागले. दिवसामागून दिवस कोसळणाऱ्या पावसाने तो वैतागला, परंतु त्याच पावसाने त्याच्या नजरेला आकाश वाचायला लावले. या काळातील त्याची एक वही निव्वळ आकाशाच्या जलरंगातील अभ्यासांनी भरलेली आहे. तिच्यात धड भूमीही नाही. आहेत ते केवळ ढग आणि त्यांच्या कडांवरचा उजेड. तो ग्रंथ पुढे रखडला आणि १२० चित्रांपैकी वीसच्या आसपासच खोदचित्रे निघाली. ज्या वर्षाने शेतकऱ्याला उपाशी ठेवले, त्याच वर्षाने चित्रकाराला आकाश दिले, हा निसर्गाचा विलक्षण न्याय म्हणावा लागेल.

शिशिराचीही त्याने अशीच प्रत्यक्ष गाठ घेतली. इटलीहून परतताना १८२० च्या जानेवारीत माँ सेनी घाटाच्या माथ्यावर त्याची गाडी उलटली. दारे गोठून बसल्याने प्रवासी खिडकीतून बाहेर पडले आणि गुडघाभर बर्फ तुडवीत घाट उतरले. १८२९ च्या जानेवारीत फ्रान्समधील तारार डोंगरावर तसाच प्रसंग पुन्हा आला. प्रवाशांना बर्फातच शेकोटी पेटवून थांबावे लागले. दोन्ही प्रसंगांची त्याने जलरंगात मोठी चित्रे केली. त्यांत बर्फ नुसता पांढरा नाही. तो निळा आहे, करडा आहे, शेकोटीजवळ तांबूस आहे. थंडी सोसल्याशिवाय हे रंग दिसत नाहीत.

यॉर्कशायरमधील फार्न्ली हॉल हे त्याचे दुसरे घरच होते. तेथील जमीनदार वॉल्टर फॉक्स त्याचा आश्रयदाता आणि जिवलग मित्र. लोकांना आपली रंगविण्याची पद्धत दाखविण्यास टर्नर कधी राजी नसे. परंतु १८१८ साली फॉक्सच्या थोरल्या मुलाने शेजारी बसून ती पाहिली. युद्धनौकेचे एक चित्र टर्नरने न्याहारीनंतर सुरू केले. कागद चिंब होईपर्यंत त्यावर ओला रंग ओतला. मग तो पुसला, खरवडला, वाढविलेल्या नखाने ओरखडला. सुरुवातीला सारा गोंधळ वाटत होता, परंतु हळूहळू त्यातून जहाज वर आले आणि दुपारच्या जेवणाच्या वेळी चित्र पूर्ण होऊन हातात होते. एरव्ही तो एकाच वेळी अनेक फळ्यांवर कागद ताणून ठेवी. एक पाण्यात बुडवावा, त्यावर रंग सोडावा, तो वाळेपर्यंत दुसरा घ्यावा, असा त्याचा कारखाना चाले. १८२५ मध्ये फॉक्स निवर्तल्यावर टर्नर फार्न्लीला पुन्हा गेला नाही.

त्याच १८२५ साली 'इंग्लंड आणि वेल्समधील रमणीय दृश्ये' ही त्याची महत्त्वाकांक्षी मालिका सुरू झाली. नद्या, किल्ले, बाजारपेठा, सुगीची शेते, वादळी किनारे असा सारा देश वेगवेगळ्या प्रहरी आणि वेगवेगळ्या हवेत त्याने जलरंगात उभा केला. योजना १२० खोदचित्रांची होती; १८३८ पर्यंत ९६ निघाली आणि व्यवहार तोट्यात जाऊन बंद पडला. या वर्षांतच, १८२९ मध्ये, वडिलांचे निधन झाले. दुकान सोडून म्हातारपणी मुलाच्या चित्रशाळेत कॅनव्हास ताणणारे, त्याचे घर सांभाळणारे वडील गेल्याने टर्नर अगदी एकाकी झाला. त्याने विवाह केला नव्हता. सारा डॅनबी या विधवेशी असलेल्या संबंधांतून झालेल्या दोन मुलींकडे त्याने फारसे लक्ष दिल्याचे दिसत नाही. ऋतूंच्या बारीकशा फरकाला जपणारा हा कलावंत जवळच्या माणसांच्या बाबतीत तितका जागरूक नव्हता, हेही नमूद केले पाहिजे.

साठी उलटल्यावर तो पुन्हा स्वित्झर्लंडकडे वळला. ल्युसर्न गावातील खाणावळीच्या खिडकीतून तळ्यापलीकडचा रिगी पर्वत दिसे. तो एकच पर्वत त्याने निरनिराळ्या प्रहरी पुनःपुन्हा रंगविला. १८४२ मधील तीन चित्रांना पुढे निळा रिगी, लाल रिगी आणि काळोखा रिगी अशी नावे पडली. निळ्या रिगीत सूर्योदयापूर्वीची वेळ आहे. डोंगर गाढ निळाईत उभा आहे आणि आकाशात शुक्राचा तारा चमकतो आहे. त्या वर्षी त्याने दलालामार्फत अशा दहा चित्रांसाठी प्रत्येकी ८० गिनींप्रमाणे मागणी मागितली. मिळाली ती नऊच चित्रांना. जुन्या चाहत्यांना ही चित्रे अपुरी, विरघळलेली वाटत होती. तरुण समीक्षक जॉन रस्किन मात्र त्यांच्या मागे ठामपणे उभा राहिला.

अखेरची वर्षे टर्नरने चेल्सी येथे टेम्स नदीकाठच्या एका छोट्या घरात, सोफिया बूथ या विधवेच्या सोबतीने, आपले नाव लपवून काढली. १९ डिसेंबर १८५१ रोजी तेथेच त्याचा मृत्यू झाला आणि लंडनच्या सेंट पॉल प्रार्थनामंदिरात त्याचे दफन करण्यात आले. आपली पूर्ण झालेली चित्रे राष्ट्राला द्यावीत आणि उरलेल्या पैशातून निराधार चित्रकारांसाठी आश्रयगृह बांधावे, असे मृत्युपत्र त्याने केले होते. नातेवाइकांनी त्याविरुद्ध दावा लावला. १८५६ च्या तडजोडीत पैसा बव्हंशी नातेवाइकांकडे गेला, आश्रयगृह झालेच नाही; परंतु घरातील सर्व चित्रे राष्ट्राची झाली. सुमारे ३०० तैलचित्रे आणि त्या वेळच्या मोजदादीनुसार १९,००० हून अधिक रेखाटने व जलरंगचित्रे! पत्र्याच्या पेट्यांत भरलेले ते कागद रस्किनने १८५७-५८ च्या हिवाळ्यात नॅशनल गॅलरीच्या तळघरात बसून लावले. कित्येकांना बुरशी लागली होती, काही उंदरांनी कुरतडले होते.

याहून मोठा शत्रू होता उजेड. जलरंगाचा थर इतका पातळ असतो की त्यातील कच्चे रंग उन्हाने उडून जातात. टर्नरने किरमिजी छटांसाठी असे कच्चे रंग बिनदिक्कत वापरले. एका रंगविक्रेत्याने त्याला सावध केले, तेव्हा त्याने त्याला आपले काम पाहण्यास सांगितले. क्षण टिपण्याच्या ओढीत त्याने टिकाऊपणाची पर्वा केली नाही. प्रकाशाने जलरंग फिके पडतात, हे १८८८ च्या रसेल आणि ॲब्नी यांच्या अहवालाने प्रयोगांनी सिद्ध केले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेमार्फत ही इंग्रजी जलरंगपद्धती आपल्याकडे आली. तेथे शिकून कोल्हापूरच्या कोटितीर्थाकाठी प्रहराप्रहराचे पाणी रंगविणाऱ्या आबालाल रहिमानांसारख्यांच्या कागदांपुढेही हाच प्रश्न उभा राहतो. ग्रंथालयात जुनी पाने सांभाळणाऱ्यांना त्याची ओळख वेगळी करून द्यायला नको.

जपणुकीची ही कथा पुढेही चालू राहिली. ७ जानेवारी १९२८ रोजी टेम्सचा पूर टेट गॅलरीच्या तळघरात शिरला आणि टर्नरचे कितीतरी कागद भिजले. ते एकेक करून वाळवावे लागले. १९८७ साली टेटमध्ये त्याच्या संग्रहासाठी स्वतंत्र क्लोअर दालन उघडले. निळा रिगी परदेशी जाण्याची वेळ आली, तेव्हा २००७ साली हजारो सामान्य माणसांनी पाच-पाच पाऊंडांपासून वर्गणी देऊन त्या चित्राचा जणू एकेक फटकारा विकत घेतला आणि ते राष्ट्रासाठी राखले.

परंतु टर्नरला खऱ्या अर्थाने ओळखले ते हेन्री व्हॉन या संग्राहकाने. १९०० साली त्याच्या मृत्युपत्रानुसार ३८ जलरंगचित्रे एडिंबरोच्या नॅशनल गॅलरीला आणि ३१ डब्लिनच्या गॅलरीला मिळाली. अट एकच होती : ती केवळ जानेवारीत, वर्षातला उजेड सर्वांत मंद असतो त्या महिन्यात, सर्वांना विनामूल्य दाखवावीत. एडिंबरोला ही प्रथा शंभराहून अधिक वर्षे पाळली गेली. बाहेर भर दुपारी सांजावलेले असताना लोक रांगेने आत येतात आणि स्विस पहाट, व्हेनिसचे वादळ पाहून जातात. महिना संपला की चित्रे पुन्हा पेट्यांत जातात आणि अकरा महिने अंधारात राहतात. व्हॉनने ज्यांना तो अंधार दिला, त्या चित्रांचे निळे आणि गुलाबी रंग म्हणूनच आजही ताजे आहेत.