फ्लॉरेन्स नाइटिंगेल : शुश्रूषा आणि आंकडे

इ. स. १८२० च्या मे महिन्याच्या १२ व्या तारखेस इटलींतील फ्लॉरेन्स नगरांत एका धनाढ्य इंग्रज कुटुंबांत एक कन्या जन्मास आली. नगराचेंच नांव आईबापांनीं तिला ठेविलें. रुग्णसेवेचें काम त्या काळीं कुलीन स्त्रियांस हलकें मानीत. मुलीनें परिचारिका होण्याचा हट्ट धरल्यावर घरांत केवढें वादळ उठलें असेल, याची कल्पना आपल्याकडील वाचकांस सहज येईल. अखेर १८५१ सालीं तिनें जर्मनींतील कैसरवेर्थ येथील मिशनच्या संस्थेंत कांहीं महिने शिक्षण घेतलें.

१८५४ च्या नोव्हेंबरांत ३८ परिचारिकांसह बाई स्कुटारीच्या लष्करी इस्पितळांत गेल्या, ही हकीकत मुलांस ठाऊक आहेच. हातीं दिवा घेतलेली ती मूर्ति खरी. परंतु तेवढ्यावरच थांबलों तर बाईंचें खरें मोठेपण हातून निसटतें. त्यांच्या देखत पहिल्या हिवाळ्यांत शिपाई अधिकच मेले. १८५५ च्या मार्चांत सरकारी आरोग्य-मंडळानें तेथील गटारें साफ केलीं, हवा खेळती केली, तेव्हां मृत्यु झपाट्यानें घटले. स्वदेशीं परतल्यावर विल्यम फार या आंकडेतज्ज्ञाच्या साह्यानें बाईंनीं सारा हिशेब मांडला. जखमांपेक्षां टाळतां येण्याजोग्या रोगांनींच बहुतेक शिपाई दगावले होते. आणि त्यांचें स्वतःचें इस्पितळहि त्यास अपवाद नव्हतें! सारें राष्ट्र जयजयकार करीत असतां असला हिशेब कोण बाहेर काढील? बाईंनीं मात्र तो रंगीत वर्तुळाकृतींत काढून सरकारपुढें ठेविला. १८५८ सालीं लंडनच्या सांख्यिकी संस्थेनें त्यांस सभासद करून घेतलें. त्या संस्थेंतील त्या पहिल्याच स्त्री.

पुढें त्यांनीं शुश्रूषेवर जें पुस्तक लिहिलें, तें मुख्यतः घरीं आजाऱ्याजवळ बसणाऱ्या स्त्रियांकरितां होतें. रोग्यास झोप किती लागली, अन्न किती पोटांत गेलें, खोलींत वारा येतो कीं नाहीं, हें डोळ्यांनीं पाहून नेमकें सांगावें. नुसतें बरें आहे म्हणूं नये, असा त्यांचा कटाक्ष होता. वैद्य घटकाभर येतो. उशाशीं बसणारी रात्रंदिवस पाहते. लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांनीं गरिबांच्या घरीं शिकलेल्या परिचारिका धाडण्याचें मनांत घेतलें, तेव्हां सल्ला बाईंचाच घेतला. १८६२ सालीं तेथें शिक्षणशाळा निघाली व शहराचे १८ विभाग पाडण्यांत आले. १८९२ सालीं बकिंगहॅमशायरच्या खेड्यांतील आयांस घरोघर आरोग्य शिकविणाऱ्या स्त्रिया तयार करण्याच्या कामींहि त्या पुढें होत्या.

हिंदुस्थानांत त्या कधींच आल्या नाहींत. छापील प्रश्नपत्रिका धाडून त्यांनीं येथील छावण्यांची माहिती गोळा केली. ज्या १८६३ सालीं आमच्या भोरघाटांतून आगगाडी धावूं लागली, त्याच सालीं तो अहवाल निघाला : येथें गोऱ्या शिपायांपैकीं दरसाल हजारीं ६९ मरत. पुढें त्यांचें लक्ष खेड्यांकडे वळलें, आणि त्यासाठीं पुण्याच्या सार्वजनिक सभेशींहि त्यांनीं पत्रव्यवहार केला.

आज मावळच्या वाड्यावस्त्यांवर आशाताई बाळंतिणीच्या घरीं ३ ऱ्या, ७ व्या, १४ व्या, २१ व्या, २८ व्या व ४२ व्या दिवशीं जातात, अर्भकाचें वजन व ताप पाहून वहींत टिपतात. ही पद्धत कोण्या साहेबाच्या टेबलावर जन्मली नाहीं. गडचिरोलीच्या खेड्यांतील बायकांनीं घरोघर नवजात बालकें सांभाळलीं, नोंदी ठेविल्या. त्या ठिकाणीं नवजात बालकांचे मृत्यु निम्म्याहूनहि खालीं आल्याचें डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं सहकाऱ्यांसह १९९९ सालीं जगापुढें मांडलें. हें पाहून बाईंस केवढा संतोष वाटला असता!

क्रिमियाहून आणलेल्या दुखण्यानें बाईंचीं पुढचीं कित्येक वर्षें अंथरुणावरच गेलीं. तरी लेखणी थांबली नाहीं. १९०७ सालीं 'ऑर्डर ऑफ मेरिट' हा बहुमान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजीं वयाच्या ९० व्या वर्षीं त्या निवर्तल्या. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें दफन करण्याची सूचना आप्तांनीं नाकारली. ईस्ट वेलो या लहानशा गांवीं घरच्या माणसांजवळ त्यांस मूठमाती दिली. थडग्यावर त्यांच्यासाठीं नांवाचीं आद्याक्षरें व सनावळी एवढेंच कोरलें आहे.