आनंदीबाई जोशी

आनंदीबाई गोपाळराव जोशी (जन्म : ३१ मार्च १८६५, मृत्यू : २६ फेब्रुवारी १८८७, पुणे) या पाश्चात्त्य वैद्यकशास्त्राची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांपैकी एक होत्या. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पूर्ण करणाऱ्या त्या पहिल्या हिंदू स्त्री मानल्या जातात. पदवी मिळाल्यानंतर वर्षभराच्या आत क्षयरोगाने त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

प्रारंभिक जीवन

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना होते. कल्याण येथील गणपतराव जोशी यांच्या त्या कन्या. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते. ते बिजवर असून पत्नीपेक्षा वयाने बरेच मोठे होते. विवाहानंतर यमुनेचे नाव आनंदी ठेवण्यात आले. स्त्रीशिक्षणाचे कट्टर पुरस्कर्ते असलेल्या गोपाळरावांनी पत्नीला स्वतः शिकवण्यास आरंभ केला. त्यांचा आग्रह अनेकदा कठोरपणाच्या पातळीवर जात असे. त्यांच्या बदल्यांमुळे हे दांपत्य अलिबाग, कोल्हापूर, भुज, कलकत्ता व श्रीरामपूर (बंगाल) येथे राहिले.

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. परंतु तो दहा दिवसच जगला. स्त्रियांवर उपचार करणाऱ्या स्त्री-डॉक्टर त्या काळी भारतात जवळजवळ नव्हत्या आणि पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेण्यास बहुसंख्य स्त्रिया तयार नसत. या अनुभवातून आनंदीबाईंनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला.

अमेरिकेतील शिक्षण

गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. हा पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला आणि त्यांनी आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. आनंदीबाई त्यांना मावशी मानत.

कलकत्त्यात असतानाच आनंदीबाईंची प्रकृती नाजूक झाली होती. अशक्तपणा, डोकेदुखी, अधूनमधून येणारा ताप व धाप यांचा त्यांना त्रास होत असे. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेतून औषधेही पाठवली. पण गुण आला नाही. परदेशगमनास समाजाचा तीव्र विरोध होता. त्यास उत्तर म्हणून आनंदीबाईंनी फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर महाविद्यालयाच्या सभागृहात जाहीर भाषण केले. आपण हिंदू म्हणूनच जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, अशी त्यांची भूमिका होती. एप्रिल १८८३ मध्ये पतीविना त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या व जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या.

फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. तेथील कडाक्याची थंडी, शाकाहाराचे कटाक्षाने पालन आणि अभ्यासाचा ताण यांमुळे त्यांची प्रकृती अधिकच ढासळली. तरीही ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी एम.डी. ही पदवी मिळवली. प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

आजारपण व मृत्यू

कोल्हापूर संस्थानाने तेथील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागाच्या प्रमुखपदी आनंदीबाईंची नेमणूक केली. ऑक्टोबर १८८६ मध्ये पतीसह त्या मायदेशी निघाल्या. प्रवासात आजार बळावला आणि नोव्हेंबरमध्ये त्या मुंबईस उतरल्या तेव्हा अतिशय क्षीण झाल्या होत्या. कोल्हापूरचे पद त्यांना प्रत्यक्ष सांभाळता आले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथील दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्या ठेवलेल्या आहेत.

तत्कालीन क्षयरोगचिकित्सा

आनंदीबाई अमेरिकेस निघण्याच्या वर्षभर आधी, २४ मार्च १८८२ रोजी, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला होता. रोगाचे कारण कळले, तरी त्यावर औषध नव्हते. विश्रांती, पौष्टिक आहार व मोकळी हवा एवढेच उपाय वैद्यकाच्या हाती होते. फुप्फुसाचा क्षय झालेल्या रुग्णाच्या खोकण्या-शिंकण्यातून हवेत जाणाऱ्या सूक्ष्म तुषारांवाटे हा रोग पसरतो. त्यामुळे कोंदट घरे व कुपोषण असलेल्या वस्त्यांत त्याचा प्रादुर्भाव अधिक असे.

बीसीजी लस प्रथम १९२१ मध्ये पॅरिस येथे दिली गेली. क्षयावरील पहिले प्रभावी प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये न्यू जर्सीतील रटगर्स येथे सापडले. आनंदीबाईंचे अमेरिकेतील पहिले घर याच राज्यात होते. आज औषधांचा क्रम पूर्ण केल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात. तथापि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षय झाला व सुमारे साडेबारा लाख लोक दगावले. नव्या रुग्णांपैकी सुमारे २६ टक्के भारतातील होते.

वारसा

कॅरोलिन हीली डॉल यांनी १८८८ मध्ये आनंदीबाईंचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. मराठीत काशीबाई कानिटकर यांनी त्यांचे चरित्र लिहिले. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी त्यांच्या जीवनावर आधारित असून याच नावाचा मराठी चित्रपट २०१९ मध्ये प्रदर्शित झाला. शुक्र ग्रहावरील एका विवरास त्यांचे नाव देण्यात आले आहे.