व्हॅन डर वाल्स : समीकरणामागचा माणूस

थर्मोच्या पेपरात व्हॅन डर वाल्सचं समीकरण येतंच. ए आणि बी च्या किमती घालायच्या, मार्क घ्यायचे आणि पुढे जायचं. हे गृहस्थ होते तरी कोण, हे कोणी विचारत नाही. पण गंमत बघा, फायनल इयरला सिम्युलेशन करताना तेच पुन्हा भेटतात, फक्त त्यांच्या नावाची पाटी तिथे नसते.

योहानेस डिडेरिक व्हॅन डर वाल्स यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८३७ रोजी हॉलंडमधल्या लायडन शहरात झाला. वडील सुतार. दहा भावंडांत हे थोरले. विद्यापीठात जायचं तर लॅटिन आणि ग्रीक शिकवणारी शाळा हवी, आणि ती सुताराच्या मुलाच्या वाट्याला कुठली यायला! पंधराव्या वर्षी शाळा संपली आणि ते प्राथमिक शाळेत शिकाऊ मास्तर झाले. नोकरी सांभाळत शिक्षकी पेशाच्या एकेक परीक्षा दिल्या. १८६२ पासून लायडन विद्यापीठात लेक्चर्स ऐकू लागले. पण लॅटिन-ग्रीक येत नसल्याने पदवीची परीक्षा देता येईना. १८६५ मध्ये डेव्हेंटरला फिजिक्सचे शिक्षक झाले, त्याच वर्षी अ‍ॅना यांच्याशी लग्न झालं, पुढच्या वर्षी द हेगला बदलले. पुढे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी भाषांची अट शिथिल झाली आणि दार उघडलं. १८७३ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, या शाळामास्तरांनी प्रबंध सादर केला.

त्या प्रबंधात काय होतं? १८६९ मध्ये अँड्र्यूज यांनी दाखवलं होतं, की कार्बन डायऑक्साइड ३१ अंश सेल्सिअसच्या वर कितीही दाबला तरी त्याचा द्रव होत नाही. व्हॅन डर वाल्स यांचं म्हणणं असं, की वायू आणि द्रव ही दोन वेगळी राज्यं नाहीत. रेणू तेच. त्यांना स्वतःचं आकारमान आहे (तो बी) आणि ते एकमेकांना ओढतात (तो ए). आदर्श वायूच्या समीकरणात या दोन दुरुस्त्या केल्या, की घनफळाचं त्रिघाती समीकरण मिळतं. ठरावीक तापमान-दाबाला त्याची तीन उत्तरं येतात : सगळ्यात मोठं बाष्पाचं, सगळ्यात लहान द्रवाचं, मधलं सोडून द्यायचं. एकच समीकरण, दोन्ही अवस्था! खुद्द मॅक्सवेल यांनी या कामाची दखल घेतली.

१८७७ मध्ये ते अ‍ॅमस्टरडॅमला प्राध्यापक झाले. १८८० मध्ये त्यांनी संगत अवस्थांचा नियम मांडला : तापमान, दाब आणि घनफळ क्रिटिकल किमतींच्या पटीत मोजा, मग वेगवेगळे पदार्थ जवळजवळ सारखेच वागतात. याच्या आधाराने ड्यूअर यांनी १८९८ मध्ये हायड्रोजन आणि कॅमरलिंग ऑनेस यांनी १९०८ मध्ये हेलियम द्रवरूप केला.

पण १८८१ मध्ये अ‍ॅना क्षयाने गेल्या. चार मुलं मागे राहिली. व्हॅन डर वाल्स इतके खचले, की जवळपास दहा वर्षं त्यांनी काहीच प्रसिद्ध केलं नाही. परतले ते १८९० मध्ये, मिश्रणांचा सिद्धांत घेऊन. दोन वेगळ्या पदार्थांचे रेणू एकमेकांना किती ओढतात, हा त्यातला कळीचा प्रश्न. १९१० मध्ये नोबेल मिळालं. ८ मार्च १९२३ रोजी अ‍ॅमस्टरडॅममध्ये त्यांचं निधन झालं.

आता आपल्या लॅबमध्ये या. रेडलिच-क्वाँग (१९४९), सोआवे (१९७२), पेंग-रॉबिन्सन (१९७६) ही सगळी याच घराण्यातली वंशावळ. मिश्रणासाठी आपण जो केआयजे भरतो, त्याचं मूळही १८९० च्या त्याच प्रश्नात आहे.

आणि खरी गोची इथेच होते. समजा, रिअ‍ॅक्टरचं मॉडेल एका सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि कॉलम दुसऱ्यात. दोन्हीकडे पेंग-रॉबिन्सनच निवडलंय. तरी एकाच तापमान-दाबाला एक म्हणतं थोडी वाफ आहे, दुसरं म्हणतं सगळा द्रव! कारण क्रिटिकल किमती आणि केआयजे दोघांचे वेगळे. एन्थाल्पीचं शून्य वेगळ्या ठिकाणी धरलं असेल, तर एनर्जी बॅलन्समध्ये नसलेली उष्णता उगवते. त्यावर हीट एक्स्चेंजर डिझाइन केला तर?

यासाठीच १९९७ मध्ये युरोपात तेल-रसायन कंपन्या आणि सॉफ्टवेअर बनवणारे एकत्र आले आणि केप-ओपन हे सामाईक मानक आकाराला आलं. २००१ पासून को-लॅन ही संस्था ते सांभाळते. प्रॉपर्टी पॅकेज एक सुटा भाग, युनिट ऑपरेशन दुसरा सुटा भाग; जोडणीचा सांधा सगळ्यांचा सारखा. त्यामुळे दोन वेगळ्या सिम्युलेटरना एकच प्रॉपर्टी पॅकेज जोडता येतं आणि दोघे त्याच रेणूंबद्दल बोलतात. फुकट मिळणाऱ्या डीडब्ल्यूसिममध्येही ही सोय आहे. मुंबई आयआयटीच्या फॉसी प्रकल्पाने ते आपल्याकडच्या विद्यार्थ्यांपर्यंत आणलंय.

पण सांधा जुळला म्हणजे उत्तर बरोबर आलं असं नाही. आत कोणतं समीकरण आणि कोणते आकडे आहेत, हे माणसानेच बघायचं. म्हणून दोस्तहो, प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये नुसतं पॅकेजचं नाव टाकून थांबू नका. क्रिटिकल किमती, केआयजे आणि एन्थाल्पीचा संदर्भबिंदू यांचा एक तक्ता जोडा. व्हायवाला एक्स्टर्नल तेच विचारतील, आणि प्लांटवर गेल्यावर तर हा प्रश्न याहून महाग पडतो.